पुढचा डिफरन्शियल: वरीलप्रमाणे

साडूने दिलेली गाडी पहिल्याच वळणावर गर्रकन फिरली आणि शेपूट पुढे करून उभी राहिली. टाचणकाकांनी ती तेव्हाच परत करायला हवी होती. गाडी म्हणजे बसायची नव्हे. रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची, चारही चाकांना मोटरचा जोर मिळणारी. पण परत करायची तर साडूला फोन करावा लागला असता, आणि साडू अगदी प्रेमाने म्हणाला असता, "तुम्ही नका हो त्रास घेऊ, मी येऊन बघतो." हे वाक्य टाचणकाका लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं ऐकत आले होते. नळ गळो, दिवा जावो, दाराची कडी निखळो, साडू येऊन बघायचा. बरं, माणूस इतका गुणी की त्याच्यावर रागवायचीही सोय नाही.

टाचणकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नाही. ते एका कचेरीत जुन्या कागदपत्रांच्या विभागात होते आणि दिसेल त्या गोष्टीचं टाचण करून ठेवायची त्यांना खोड होती. पंख्याला तेल कधी घातलं, कुठला दुकानदार कुठल्या तारखेला काय कबूल करून गेला, सगळं फायलीत. इमारतीने त्यांना टाचणकाका करून टाकलं. बायको मात्र फक्त 'अहो' म्हणायची, आणि तिला त्या दिवशी जे काही म्हणायचं असेल ते सगळं त्या एका 'अहो'त बसवायची.

तर गोष्ट अशी होती की तीन आठवड्यांनी सासरे पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते. सासरे गिअर कापायच्या कारखान्यात चाळीस वर्षं होते, त्यातली वीस फोरमन म्हणून. निवृत्त झाले आणि हळूहळू बोलायचेच बंद झाले. टीव्ही लावायचे, आवाज बंद ठेवायचे आणि चित्रं बघत बसायचे. मागे एकदा साडूने आपली रिमोटची गाडी त्यांच्या अंगणात पळवली तेव्हा त्यांनी मान वळवून कान दिला आणि म्हणाले, "दाते बरे कापलेत." दोन महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब भाषण होतं. म्हणून साडूने ठरवलं, वाढदिवसाला अंगणात शर्यतच लावायची. एक गाडी त्याची, आणि त्याची जुनी गाडी टाचणकाकांची.

टाचणकाकांना जिंकायचं नव्हतं. तेवढा पोच त्यांना होता. पण त्या घरात त्यांचा मान फार मोठा होता, आणि तीच तर अडचण होती. साडू शिडीवर चढलेला असायचा, सासरे खालून त्याला पाना दाखवायचे, आणि टाचणकाका पुढे झाले की सासूबाई खुर्ची आणून ठेवायच्या. बावीस वर्षांत त्या घरात त्यांच्या हाती कोणी स्क्रूड्रायव्हर दिला नव्हता. आपणही कामाचे आहोत, नुसते पाहुणे नाही, हे सासऱ्यांना एकदा दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. बायकोला त्यांनी हे सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतंच, म्हणून तिने जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग तीन आठवड्यांसाठी सोडून दिला.

आता गाडी चालवायची तर जागा हवी. इमारतीच्या पार्किंगमध्ये एक गाळा रिकामा होता. टाचणकाकांच्या जागी दुसरा कोणी असता तर खाली गेला असता आणि चालवून आला असता. काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज केला. बावीस ओळींचा अर्ज, सोबत गाडीचं रेखाचित्र. सेक्रेटरींच्या हाती असा अर्ज आयुष्यात प्रथमच पडत होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. पार्किंगमध्ये वाहन आणायचं तर स्टिकर हवं, स्टिकरला गाडीचा नंबर हवा. ही खेळण्याची गाडी आहे, असं काकांनी नम्रपणे निदर्शनास आणलं. मग 'मुलांच्या खेळासाठी जागा' हा फॉर्म भरा, सेक्रेटरी म्हणाले. त्या फॉर्मवर पाल्याचं नाव लिहायचं होतं. काकांनी बराच विचार करून स्वतःचं लिहिलं. वय अठ्ठेचाळीस. खाली पालकाची सही हवी होती, ती बायकोने केली, आणि 'पाल्याशी नाते' या रकान्यात काहीच न लिहिता हातातलं पेन खाली ठेवून ती आत निघून गेली. शेवटी शनिवार-रविवार सकाळी सात ते आठ अशी परवानगी मिळाली, सही-शिक्क्यासकट.

पहिल्या शनिवारी खाली उतरल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपल्या इमारतीत तज्ज्ञांची वस्ती आहे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बसड्रायव्हर आपला चहाचा कप घेऊनच आले. तळमजल्यावरचा शिलाई मशीन दुरुस्त करणारा दात घासत आला आणि ब्रश तोंडातच ठेवून बोलू लागला. बसड्रायव्हरांचं म्हणणं, गाडीला दम नाही, मोटरवरचा छोटा गिअर बदलून जास्त दात्यांचा बसवा. मशीनवाल्याचं म्हणणं, उलट कमी दात्यांचा बसवा, वेग गेला चुलीत, उचल महत्त्वाची. दोघेही आपापल्या जागी खरे होते. जास्त दाते म्हणजे पळ जास्त पण मोटर तापणार. कमी दाते म्हणजे मोटर गार, चटकन निघणार, पण नंतर रेंगाळणार. काकांनी दोघांचंही लिहून घेतलं, खाली त्यांच्या सह्या घेतल्या, आणि वयाने मोठे म्हणून बसड्रायव्हरांचं ऐकलं.

एकवीस दात्यांचा गिअर बसवल्यावर गाडी जी सुटली ती बघून काकांना आपण तरुणपणी वाया गेलो असं वाटलं. अर्धं मिनिट ती सुसाट गेली. मग मोटरमधून जळका वास आला आणि आतून कोणीतरी दात खात असल्यासारखा आवाज. उघडून बघतात तर मोठ्या गिअरचे दाते सपाट. दोन गिअर एकमेकांत अगदी घट्ट रुतवून बसवले होते. घट्ट म्हणजे पक्कं, अशी काकांची भाबडी समजूत होती.

दुकानदार शांत माणूस होता. त्याने सांगितलं, दोन गिअरांमध्ये किंचित फट हवी. कागदाची एक पट्टी दोघांच्या मध्ये घालायची, गिअर एकमेकांवर दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. जेवढी कागदाची जाडी तेवढी फट. काकांचे डोळे लकाकले. यंत्राच्या जगात आपल्या ओळखीचं काहीतरी निघालं होतं. त्यांनी विचारलं, कागद कुठला? टंकलेखनाचा, नोंदवहीचा, की अर्धपारदर्शक? दुकानदार म्हणाला, कुठलाही. काकांना हे उत्तर फारच बेजबाबदार वाटलं. घरी येऊन त्यांनी सात प्रकारचे कागद बोटांत चोळून पाहिले, एकही मनाला येईना. शेवटी टेबलावर एक कागद बोटांना अगदी योग्य लागला, तसा त्याच्या खालच्या कडेचा बोटभर रुंदीचा तुकडा त्यांनी फूटपट्टी लावून सरळ फाडला आणि गिअरमध्ये घातला. फट सुरेख जमली. पट्टी बाहेर आली ती दात्यांच्या खुणांनी चुण्याचुण्या होऊन आली, आणि काकांनी ती नमुना म्हणून फायलीला टाचून टाकली.

पुढच्या शनिवारी प्रश्न वळणाचा होता. बसड्रायव्हरांनी समजावून सांगितलं, की वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, आणि दोघांना आपापल्या चालीने चालू देणारी जी डबी मधे असते ती डिफरन्शियल. आपल्या गाडीत एक पुढे, एक मागे. डबीत तेल असतं. तेल पातळ असेल तर दोन्ही चाकं मोकाट, दाट असेल तर दोन्ही एकमेकांना धरून. मग तेल कसलं, यावर पुन्हा दुमत. बसड्रायव्हर ग्रीसची डबी घेऊन आले, मशीनवाला आपलं पाण्यासारखं तेल घेऊन आला, आणि दोघेही काकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. काकांना शेजार मोडायचा नव्हता. त्यांनी मागच्या डबीत ग्रीस भरलं आणि पुढच्या डबीत मशीनचं तेल. कोणाचंच मन दुखावलं नाही.

फक्त गाडीला वळता येईना. रिमोटचं चक्र पार टोकापर्यंत फिरवलं तरी ती आपली नाकासमोर. अशी नाकासमोर जात ती गाळा ओलांडून, झाडांच्या कुंड्यांमधून, सकाळी फेऱ्या मारत असलेल्या सेक्रेटरींच्या घोट्यावर जाऊन आदळली. सेक्रेटरी एका पायावर बराच वेळ उभे होते. मग दुसरा पाय खाली टेकवून त्यांनी अत्यंत थंड आवाजात परवानगीपत्र मागितलं.

काका धावत वर गेले आणि पत्र घेऊन आले. पत्राला खालचा भाग नव्हता. म्हणजे मजकूर होता, सही-शिक्का नव्हता. सही कुठे आहे, असं सेक्रेटरींनी विचारलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फाइल उघडली आणि टाचलेली पट्टी दाखवली. आपल्या सहीवर ओळीने उमटलेले दाते बघून सेक्रेटरींचा चेहरा असा झाला की मशीनवाला तोंडातला ब्रश सावरत घरात गेला. परवानगी तत्काळ रद्द झाली. वर पालकांना समज देण्यात आली. ती घ्यायला बायकोला खाली यावं लागलं. "अहो," एवढंच ती म्हणाली.

वाढदिवसाला आठ दिवस उरले होते आणि गाडी चालवायला जागा नव्हती. खरं म्हणजे इथे कोणीही हात टेकले असते. पण अपमान झाला की टाचणकाका फायलीत शिरतात. दुकानातून त्यांनी डिफरन्शियलचं खरं तेल आणलं, पुढच्यासाठी दाट, मागच्यासाठी थोडं पातळ, आणि दोन्ही डब्या टेबलावर उघडल्या. एकेक स्क्रू पांढऱ्या कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला, गोलाला क्रमांक दिला. मागच्या डिफरन्शियलची जुळणी त्यांनी चौतीस मुद्द्यांत लिहिली. दात्यांची मोठी चकती कुठल्या बाजूला येते, वॉशर कुठला आधी, तेल किती थेंब, बुडबुडे जाईपर्यंत किती मिनिटं थांबावं. इतकं निर्दोष टाचण त्यांनी नोकरीतही केलं नव्हतं. मग पुढच्या डिफरन्शियलची पाळी आली. डबी तीच, चकती तीच, स्क्रू तेवढेच. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने जे केलं असतं तेच काकांनी केलं. शीर्षक लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि लिहिलं: वरीलप्रमाणे.

आणि त्याबरहुकूम जुळणी केली. शनिवारी गाडी हातात उचलून धरून मोटर सुरू केली, तपासणीचा तक्ता समोर ठेवला. 'चाके फिरतात काय?' चारही फिरत होती. काकांनी 'होय' लिहिलं. कुठल्या दिशेने फिरतात, असा रकाना तक्त्यात नव्हता.

रविवारी सासऱ्यांचं अंगण माणसांनी भरलं होतं. कारखान्यातले दोन जुने फिटर आले होते, नातेवाईक होते, आणि मधोमध खुर्चीत सासरे, नवा शर्ट घातलेले, कोणी शुभेच्छा दिल्या की नुसती मान हलवणारे. साडूने विटा मांडून वळणावळणाचा रस्ता आखला होता. दहा फेऱ्यांची शर्यत. काकांनी कोरा रुमाल काढून हात पुसले. बायको कधी नव्हे ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

शिट्टी झाली. साडूची गाडी भुर्रकन निघून गेली. काकांच्या गाडीने मोठा गुरगुराट केला आणि जागच्या जागी थरथरू लागली. काकांनी जोर वाढवला. गाडीने मधोमध पाठ उंचावली, चारही चाकांखालून माती उडाली, पण ती इंचभर हलेना. मागची चाकं पुढे जायला बघत होती आणि पुढची चाकं मागे. दोघांचाही जोर सारखा. साडूची तिसरी फेरी झाली, चौथी झाली. कोणीतरी म्हणालं, बॅटरी गेली असेल. कोणीतरी म्हणालं, ब्रेक लागलाय. पाचव्या फेरीला काकांनी रिमोट खाली घेतला, तरी गाडी थोडा वेळ थरथरतच होती.

साडूने दहा फेऱ्या पूर्ण केल्या आणि जिंकल्याचा जराही आव न आणता जवळ आला. म्हणाला, होतं असं, मी येऊन बघतो नंतर. तेवढ्यात सासूबाईंनी काकांसाठी खुर्ची आणून ठेवली. काका बसले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मातीने भरलेली गाडी मांडीवर घेऊन, चार माणसांत. त्यांना स्वतःचा फार राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"इकडे आणा ती," सासरे म्हणाले.

अंगणातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. काकांनी गाडी नेऊन दिली. सासऱ्यांनी मागची चाकं बोटाने फिरवली, पुढची फिरवली, गाडी कानाशी धरली, आणि गाडीकडे नव्हे, काकांकडे बघितलं. हे कोणी जुळवलं, असं त्यांनी विचारलं. मी, काका म्हणाले, आणि सोबत आणलेली फाइल पुढे केली. सासऱ्यांनी चष्मा मागवला. पाहुणे ताटकळले, चहा गार झाला, आणि सासरे पहिल्या मुद्द्यापासून चौतिसाव्या मुद्द्यापर्यंत ओळ न ओळ बोट ठेवून वाचत गेले. मग त्यांनी पान उलटलं. तिथे बोट थांबलं.

"वरीलप्रमाणे?" ते म्हणाले. "वरीलप्रमाणे? अरे, जोर नेणारा मधला दांडा मागच्या डबीत एका बाजूने शिरतो आणि पुढच्या डबीत उलट्या बाजूने. चकती तिथे डावीकडे असेल तर इथे उजवीकडे येणार की नाही? डोळे काय कचेरीत ठेवून आलास? माझ्या खात्यात कोणी हे केलं असतं ना, तर त्याला अख्खा आठवडा नुसते दाते मोजायला बसवला असता."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. आवाज चढत गेला. स्क्रूची टोकं झिजवली म्हणून बोलले, वॉशर उलटा घातला म्हणून बोलले, न चालवता गाडी शर्यतीत आणली म्हणून तर इतकं बोलले की शेजारच्या खिडक्या उघडल्या. सासूबाई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या आणि तिथेच पदराला हात पुसत थांबल्या; त्यांनी नवऱ्याला अडवलं नाही. दोन जुने फिटर एकमेकांकडे बघून हळूच हसले. त्यांतल्या एकाने साडूच्या कानाशी लागून सांगितलं, की साहेब ज्याला शिकवायचं नाही त्याला कधी एक शब्द बोलत नसत.

सासऱ्यांनी काकांना जमिनीवर बसवलं, डबी उघडायला लावली, चकती दुसऱ्या बाजूला घालून बंद करायला लावली, परत उघडायला लावली. तीनदा. प्रत्येक वेळी नवीन शिव्या. तिसऱ्यांदा त्यांनी काकांचा अंगठा स्वतःच्या हाताने धरून स्क्रूवर नीट बसवला. जेवणं अडीच वाजता झाली. निघताना फाइल काकांना परत मिळाली नाही. तीत आणखी बऱ्याच चुका आहेत, पुढच्या रविवारी नऊला ये आणि जुने कपडे घालून ये, एवढं सांगून सासरे आत गेले आणि फायलीसकट खिडकीपाशी बसले.

परतीच्या वाटेवर बायको धुमसत होती. एवढ्या लोकांदेखत, स्वतःच्या जावयाला, ते काही नाही, उद्याच फोन करून बाबांना चांगलं सुनावते, असं तिचं चाललं होतं. काका काळ्या झालेल्या नखांकडे बघत चालत होते.

"खबरदार फोन केलास तर," ते म्हणाले. "त्या घरात आज पहिल्यांदा मला कोणी आपलं समजून बोललं."

कोपऱ्यावर आल्यावर बायकोने त्यांच्या हातातली गाडी स्वतःकडे घेतली, आणि रविवारी घालायला जुना शर्ट कुठला काढायचा ते दोघं घरापर्यंत ठरवत गेले.